नाकात वास येतो, पण कोणाला येतो?



रोवणी आटोपली होती. वैनगंगेकाठच्या एका गावात आम्ही बचत गटाच्या बैठकीला गेलो होतो. हप्त्याचे पैसे मोजून झाले, वहीवर सह्या झाल्या, चहा यायचा होता. तेवढ्यात एक काकू उठल्या, स्वयंपाकघरात डोकावून आल्या आणि परत बसल्या. थोड्या वेळानं पुन्हा उठल्या. म्हणाल्या, "काहीतरी जळून रायलं वो. तुमाले वास नाही येत का?"

आम्ही सगळ्यांनी हुंगून पाहिलं. कोणालाच वास आला नाही. चहाचं पातेलं नीट उकळत होतं. एकीला हसू आलं. दुसरी हळूच म्हणाली, "काकूले तीन आठवड्यांपासून असंच होते. कोणाले तरी दाखवा, बाहेरचं असंन." काकूंचा चेहरा उतरला. त्या नंतर बोलल्याच नाहीत.

त्याच बैठकीत दाराजवळ एक तरुण ताई बसली होती. तिच्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी होती. आम्ही तिच्या शेजारी बसलो नाही, कारण तिच्याजवळ गेलं की सडका वास येत होता. तो वास सगळ्यांना येत होता, पण तिला येत नव्हता. ती तोंड धुऊन, वेणी घालून, स्वच्छ लुगडं नेसून आली होती. आपल्याजवळ कोणी बसत नाही एवढंच तिला कळत होतं. का बसत नाही, हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं.

म्हणजे एकीला जो वास येत होता तो इतर कोणाला येत नव्हता, आणि दुसरीचा जो वास सगळ्यांना येत होता तो तिला येत नव्हता. दोघींच्याही तक्रारीचं मूळ नाकात होतं. दोघींपैकी एकीलाही देवऋषाची गरज नव्हती, गरज होती नाक तपासणाऱ्या डॉक्टरची. आजची गोष्ट याबद्दलच आहे. नाकात सतत वेगळाच वास येत असेल तर काय समजायचं, कुठं जायचं आणि घाबरायचं कधी, ते पाहू या.

आधी घर तपासा

वास आला की पहिला प्रश्न असा, की तो खरोखर बाहेरून तर येत नाही ना? घरातल्या दुसऱ्या माणसाला बोलवा. तुम्ही घराबाहेर जा, शेजारच्या अंगणात दहा मिनिटं थांबा. तिथं वास थांबला तर तो घरातला आहे. कणगीमागं मेलेला उंदीर, तुंबलेली मोरी, ओलं राहिलेलं तणीस, फवारणीचे कपडे, कोपऱ्यातली औषधाची बाटली, हे सगळं पाहून घ्या.

त्यातही गॅस. आपल्याकडं आता बहुतेक घरी सिलिंडर आहे. या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचं द्रव्य मिसळलेलं असतं. सडलेल्या कोबीसारखा वास आला तर बटण दाबू नका, दिवा लावू नका, काडी पेटवू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ या क्रमांकावर फोन करा.

वास घराबाहेरही, शेतातही, माहेरीही सोबत येत असेल तर मात्र तो नाकातला किंवा नाकाच्या मागचा आहे असं समजून पुढं जायचं.

नाक वास कसा घेतं

नाकाच्या अगदी वरच्या टोकाला, दोन डोळ्यांच्या मधोमध, जेमतेम नाण्याएवढा एक पातळ पडदा असतो. त्या पडद्यात वास ओळखणाऱ्या पेशी असतात. माणसाच्या नाकात वास टिपणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक असतात. कांद्याच्या फोडणीनं त्यातले काही जागे होतात, मोगऱ्यानं दुसरे. त्यांचा निरोप हाडातल्या बारीक छिद्रांतून मेंदूत जातो आणि मेंदू ठरवतो, हा कांदा, हा मोगरा. हे सगळं कसं चालतं याचा शोध लावणाऱ्या रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक या दोन शास्त्रज्ञांना २००४ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. वासात गडबड तीन ठिकाणी होऊ शकते. नाकात किंवा नाकाजवळ खरोखर काही सडत असेल, वास टिपणाऱ्या पेशी बिघडल्या असतील, किंवा निरोप वाचणारा मेंदू चुकत असेल. म्हणून डॉक्टरकडं जाण्याआधी स्वतःला चार प्रश्न विचारा. वास मला येतो की इतरांना? एका नाकपुडीत येतो की दोन्ही? क्षणभर येतो की दिवसभर राहतो? सोबत पू, रक्त, ताप, डोकेदुखी, दातदुखी आहे का? ही चार उत्तरं वहीच्या कागदावर लिहून नेली तरी डॉक्टरचं अर्धं काम होतं.

मला येतो, इतरांना येत नाही

काकूंची तक्रार या प्रकारची. नसलेला वास येणं. तो बहुधा जळका, धुराचा, करपट किंवा कुजका असतो. मोगऱ्याचा वास येत राहतो अशी तक्रार क्वचितच ऐकू येते.

याचं नेहमीचं कारण म्हणजे होऊन गेलेली सर्दी. सर्दीचे विषाणू वासाच्या पेशींना इजा करतात. त्या पेशी पुन्हा उगवतात, ही चांगली गोष्ट. पण धानाच्या बांधीत पऱ्हे लावल्यावर सगळी रोपं एकदम मूळ धरत नाहीत, तसंच हेही. काही जोडण्या उशिरा होतात, काही चुकतात. त्या काळात नसलेला वास येतो, किंवा ओळखीचा वास भलताच लागतो.

हे आपण सगळ्यांनी कोरोनात पाहिलं आहे. वास आणि चव जाणं हे कोरोनाचं लक्षण म्हणून केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयानं जून २०२० मध्ये यादीत घातलं. नंतर बऱ्याच जणींचा वास परत आला, पण काहींचा वेडावाकडा परत आला. तळलेला कांदा, लसूण, अंडं, मटण यांचा वास सडक्यासारखा लागायचा. स्वयंपाक करणारी बाईच जेवेना, तेव्हा घरच्यांना वाटलं नखरे करते. ते नखरे नव्हते. तिच्या नाकात पेशींची नवी जोडणी सुरू होती. यातल्या बऱ्याच जणींना काही महिन्यांत आराम पडतो, काहींना वर्ष लागतं.

दुसरं कारण सायनस. गालाच्या आणि कपाळाच्या हाडांत पोकळ्या असतात. सर्दी तिथं अडकून पू झाला की घशात घाण उतरत असल्यासारखं वाटतं, वाकलं की गाल किंवा कपाळ ठणकतं आणि घाण वास येतो. हा वास कधी फक्त आपल्याला येतो, कधी समोरच्यालाही. धान चुरताना उडणारी धूळ, राईस मिलचा कोंडा आणि चुलीचा धूर यांनी नाकाचं अस्तर सुजलेलंच असतं, त्यात ही भर.

आणखी कारणंही आहेत. डोक्याला मार लागल्यावर वासाच्या नसा दुखावतात. अर्धशिशीच्या काही बायांना डोकं दुखायच्या आधी वास येतो. काही औषधांनी असं होतं, म्हणून चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. विडी ओढणाऱ्यांत वासाच्या तक्रारी अधिक असतात. दिवस गेले असताना साधे वासही नकोसे होतात, ते वेगळं. त्याला आजार समजू नका. मनाच्या काही आजारांतही नसलेले वास येतात. पण नाक न तपासताच "हिच्या डोक्यावर परिणाम झाला" असं म्हणणं चूक आहे.

आता यातला महत्त्वाचा भाग ऐका. वास अचानक येतो, काही सेकंदांत किंवा दोन-एक मिनिटांत जातो, दर वेळी अगदी तोच असतो, आणि त्यासोबत पोटातून काहीतरी वर येतंय असं वाटतं, एकाएकी भीती वाटते, बाई एकटक बघत राहते, ओठ चावल्यासारखे करते आणि नंतर तिला काही आठवत नाही, तर ती फिट असू शकते. सगळ्याच फिटमध्ये हातपाय झडत नाहीत. मेंदूच्या ज्या भागात वास वाचला जातो तिथून फिट सुरू झाली तर पहिली खूण वासाचीच असते. अशा बाईला देवाच्या दारात बसवून ठेवू नका. फिट आली की चप्पल किंवा कांदा हुंगवायची आपल्याकडं रीत आहे, तिचा काही उपयोग नाही. बाईला कुशीवर वळवा, जवळची टोकदार वस्तू दूर करा, तोंडात काही घालू नका. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की वेळेवर निदान होऊन नीट औषध घेतलं तर फिट येणाऱ्या १०० पैकी ७० जणांच्या फिट थांबू शकतात.

अगदी क्वचित यामागं मेंदूतली गाठ असते. अमेरिकेत जॉर्ज गर्शविन नावाचे मोठे संगीतकार होते. त्यांना रबर जळाल्याचा वास यायचा, डोकं दुखायचं. ते मनाचे खेळ समजले गेले. ११ जुलै १९३७ रोजी, वयाच्या ३८ व्या वर्षी, मेंदूतल्या गाठीनं ते गेले. हे घाबरवायला सांगत नाही. जळका वास येणाऱ्या बहुतेक बायांना गाठ नसते. पण वासासोबत वाढती डोकेदुखी, पहाटेची उलटी, अंधूक दिसणं, एका हातापायात कमजोरी किंवा फिट असेल तर "मनाचं आहे" म्हणून कोणी परत पाठवलं तरी दुसऱ्या डॉक्टरकडं जा.

इतरांना येतो, मला येत नाही

आता दाराजवळच्या ताईकडं येऊ. तिच्या आजाराला आपल्याकडं पीनस म्हणतात. यात नाकाच्या आतलं अस्तर आणि हाडं झिजतात, नाक आतून प्रमाणाबाहेर मोठं आणि कोरडं होतं. शेंबूड वाहून जात नाही, त्याच्या हिरवट-काळपट खपल्या जमतात. त्या खपल्यांत जंतू वाढतात आणि सडका वास सुटतो. वास टिपणारा पडदाही झिजलेला असतो, त्यामुळं बाईला स्वतःला वास येत नाही. नाक आतून मोकळं असूनही ते बंद आहे असं तिला वाटतं. खपली निघाली की रक्त येतं.

हा आजार पुरुषांपेक्षा बायांत जास्त दिसतो आणि बहुधा वयात येताना सुरू होतो. नेमकं कारण एकच असं नाही. जुना जंतुसंसर्ग, अंगातलं लोह कमी असणं, पोषण कमी पडणं यांचा त्याच्याशी संबंध जोडला जातो. स्वच्छतेत आळस केला म्हणून हा आजार होत नाही, हे नीट ऐका. ती ताई दिवसातून चार वेळा तोंड धूत होती.

नाकाचं असंच नुकसान कुष्ठरोगातही होतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या आपल्या पट्ट्यात कुष्ठरोगाचे रुग्ण अजून सापडतात. नाक सतत चोंदणं, खपल्या, रक्त आणि अंगावर फिकट किंवा लालसर, स्पर्श न कळणारा चट्टा असेल तर आशाताईला दाखवा. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, ६ किंवा १२ महिने घ्यावी लागतात आणि आजार पूर्ण बरा होतो.

पीनसचा उपचार चिकाटीचा आहे. डॉक्टर मीठ आणि सोड्याच्या पाण्यानं रोज नाक धुवायला शिकवतात, खपल्या मऊ करून काढतात, नाकात थेंब सोडायला देतात, लागल्यास जंतुनाशक औषध आणि लोहाच्या गोळ्या देतात. काही जणींना ऑपरेशन लागतं. आजार मुळापासून गेला नाही तरी नाक रोज धुतलं तर वास आटोक्यात राहतो. बाई चारचौघीत बसू शकते.

पीनस असलेल्यांना आणखी एक धोका असतो, तो माशीचा. पावसाळ्यात आणि त्यानंतर माशा वाढतात. सडक्या वासावर माशी येते, झोपलेल्या माणसाच्या नाकात अंडी घालते आणि त्यातून किडे होतात. नाकात वळवळ, खूप शिंका, रक्ताळलेलं घाण पाणी, डोळ्याखाली आणि नाकावर सूज, ही त्याची लक्षणं. किडे नाकाचं मांस खातात, म्हणून उशीर करू नका. घरी नाकात रॉकेल किंवा पेट्रोल टाकू नका. ते फुप्फुसात गेलं तर जीवावर बेतेल. त्याच दिवशी दवाखान्यात जा. डॉक्टर औषध घालून चिमट्यानं किडे काढतात. झोपताना मच्छरदाणी लावा, दुपारीसुद्धा.

एकाच नाकपुडीतून येत असेल तर

लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल, तर त्याच्या नाकात काहीतरी अडकलं आहे असंच धरून चाला. चिंचोका, लाखोळीचा दाणा, धान, मणी, खडू, खोडरबर, गादीचा स्पंज, मुलं काहीही घालतात आणि मार बसेल म्हणून सांगत नाहीत. आई महिनाभर सर्दीचं औषध पाजत राहते. पण सर्दी दोन्ही नाकपुड्यांना होते, एकीला नाही.

पिन, काडी, चिमटा घालून घरी काढू नका. वस्तू मागं सरकून श्वासनलिकेत जाऊ शकते. मुलाला रागावू नका, डॉक्टरकडं न्या. घड्याळातला किंवा खेळण्यातला बटणासारखा चपटा सेल नाकात गेला असेल तर मात्र एक तासही थांबू नका. त्यानं काही तासांत नाकाचा पडदा जळून भोक पडतं.

मोठ्या माणसात एका बाजूचा घाण वास आला की वरच्या दाढा पहा. वरच्या दाढांची मुळं गालातल्या पोकळीला अगदी लागून असतात. दाढ किडली, मुळाशी पू झाला की तो वर पोकळीत शिरतो. मग त्याच बाजूच्या नाकात सडका वास, त्याच बाजूचा गाल जड. अशी बाई नाकाचे थेंब घालत वर्ष काढते, आणि दोष असतो दाढेचा. दाढेचा उपचार केल्याशिवाय असा सायनस बरा होत नाही. दाढ दुखत नसली तरी दाखवा. मेलेली दाढ दुखत नाही.

आपला जिल्हा तलावांचा. जनावरं जिथं बसतात त्याच तलावात आपण आंघोळही करतो. अशा पाण्यातून नाकात एक आजार होतो. त्यात लालसर, वर पांढुरके ठिपके असलेला मांसाचा गोळा वाढतो. नाक चोंदतं, वारंवार रक्त येतं, रक्ताळलेला शेंबूड येतो. शेजारच्या छत्तीसगडमध्ये हा आजार बराच आढळतो. तो कॅन्सर नाही, पण गोळ्यांनी जात नाही, ऑपरेशन करून मुळाशी जाळावा लागतो. ज्या तलावात गुरं उतरतात तिथं डुबकी मारणं टाळा.

चाळिशीनंतर एका बाजूनं नाक बंद होणं, घाण वास, पुन्हा पुन्हा रक्त, गाल बधिर होणं किंवा वरचे दात हलणं, हे नाकाच्या गाठीचंही लक्षण असू शकतं. त्याची तपासणी लवकर करा. आणि साखरेचा आजार असलेल्यांनी अधिक जपा. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत काळी बुरशी म्हणून जो आजार आला तो नाकातूनच सुरू होत होता. तो इतका वाढला, की मे २०२१ मध्ये केंद्र सरकारनं राज्यांना त्याच्या प्रत्येक रुग्णाची नोंद करायला सांगितलं. कोरोना ओसरला, पण साखर हाताबाहेर गेलेल्या माणसाला ती बुरशी आजही होऊ शकते. नाकातून काळपट स्राव, डोळा सुजणं, गाल बधिर होणं दिसलं तर रात्र असली तरी निघा, १०८ ला फोन करा.

घरी काय करायचं, काय नाही

साध्या सर्दी-सायनसमध्ये मिठाच्या पाण्यानं नाक धुतल्यानं आराम पडतो. एक पेला पाणी चांगलं उकळा, झाकून कोमट होऊ द्या. त्यात पाव ते अर्धा चहाचा चमचा मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा घाला. मोरीवर वाका, तोंडानं श्वास घ्या आणि स्वच्छ पिचकारीनं एका नाकपुडीत हळू सोडा. पाणी दुसरीकडून बाहेर येईल. तलावाचं, विहिरीचं किंवा नळाचं न उकळलेलं पाणी नाकात ओढू नका. अशा पाण्यातला एक अमिबा नाकातून मेंदूत जातो. २०२४ मध्ये केरळमध्ये त्या आजाराचे अनेक रुग्ण सापडले.

सर्दीनंतर किंवा कोरोनानंतर वास बिघडला असेल तर नाकाला पुन्हा शिकवता येतं. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरातले डॉक्टर थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ही पद्धत मांडली. चार वास घ्यायचे: गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी. सकाळी आणि रात्री प्रत्येक वास दहा-दहा सेकंद शांतपणे हुंगायचा, आणि हुंगताना तो खरा वास आठवायचा. निदान तीन महिने करायचं. खर्च जवळजवळ नाही. फरक हळूहळू पडतो, म्हणून मध्येच सोडू नका.

बंद नाक मोकळं करणारे थेंब पाच-सात दिवसांपेक्षा जास्त वापरू नका; नंतर त्यांच्यामुळंच नाक बंद राहतं. गरम तेल, कांद्याचा रस, तपकीर नाकात घालू नका. खर्रा आणि गुडाखू सोडा; त्यांनी तोंड, हिरड्या आणि दात खराब होतात आणि खऱ्या वासाला खोटा वास येऊन मिळतो. तोंडाला वास येत असेल तर जीभ, दात आणि घशातल्या गाठीही डॉक्टरला पाहू द्या.

ज्यांना वासच येत नाही त्यांनी उरलेलं अन्न झाकून, दिवस लक्षात ठेवून वापरावं. आंबलं की नाही हे घरातल्या दुसऱ्याकडून हुंगून घ्यावं. झोपण्याआधी गॅस डोळ्यांनी तपासावा.

कधी आणि कुठं जायचं

वास दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला, एकाच बाजूनं आला, रक्त किंवा पू असला, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिथून तुमसर किंवा साकोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात पाठवतील. कान-नाक-घशाचे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते आशाताईला विचारूनच निघा, नाहीतर मजुरीही बुडते आणि फेराही. डॉक्टर नाकात बारीक दुर्बीण घालून पाहतात. ते दुखत नाही, थोडं गुदगुदतं. लागलं तर सीटी स्कॅन सांगतात. दाढेचा दोष निघाला आणि मोठा उपचार लागला तर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय आहे. फिट किंवा गाठीची शंका असेल तर नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. भंडाऱ्याहून नागपूर साधारण ६० किलोमीटर. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. ओपीडीच्या चिठ्ठीचेही पैसे लागत नाहीत. रेशन कार्ड आणि आधार मात्र सोबत ठेवा.

गटानं काय करावं

त्या दोघींचं पुढं काय झालं, ते सांगतो. काकूंना सर्दीनंतर वास सुरू झाला होता. फिटची लक्षणं नव्हती, दुर्बिणीत काही सापडलं नाही. डॉक्टरांनी नाक धुवायला आणि चार वास हुंगायला सांगितलं. काकू लवंग पदराला बांधून ठेवायच्या. साडेचार महिन्यांनी त्या म्हणाल्या, "आता कधी कधीच येते." त्यांना सर्वांत जास्त बरं कशानं वाटलं, तर "तुम्हाला खरंच वास येतो" असं डॉक्टर म्हणाले त्यानं.

ताईला सांगणं अवघड होतं. तिला सगळ्यांसमोर सांगायचं नाही, सासूकडून निरोप द्यायचा नाही, आणि चिठ्ठीही नको, एवढं गटात ठरलं. गटाच्या अध्यक्ष मावशी तिच्यासोबत पाण्याला गेल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुझ्या नाकात एक आजार असंन असं मले वाटते. त्याचा वास येते, तुले तो कळत नाही. तुझी चूक नाही. मी येतो तुझ्यासंगं दवाखान्यात." ताई खूप रडली. मग म्हणाली, "सात वर्षं झाली. कोणी सांगितलं का नाही?"

या प्रश्नाला आमच्याकडंही उत्तर नव्हतं. आम्हीही त्या दिवशी लांबच बसलो होतो.

तिला पीनस निघाला आणि रक्तातलं लोहही कमी निघालं. ती आता रोज दोनदा नाक धुते. एखाद्या दिवशी चुकलं तर मावशी आठवण करून देतात. पुढच्या बैठकीत तुमच्या गटात कोणाच्या शेजारची जागा रिकामी दिसली, किंवा कोणी नसलेल्या वासाबद्दल बोललं, तर आधी तिच्याजवळ जाऊन बसा आणि आजचे चार प्रश्न विचारा.

येतो मैत्रिणींनो. नमस्कार.